ओटीसकट वजन

निकमबाई आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी घरातल्या एकाही माणसाकडे पाहिलं नाही. दाराशी चपला काढल्या, सरळ ओट्याशी गेल्या आणि पातेल्यावरचं झाकण उचललं. मी खाटेवर बसून गाठिया खात होतो. घरात शिरलेली अनोळखी बाई आपली सोडून आपल्या वरणाची विचारपूस करते आहे, हे माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. तोवर त्यांनी दुसरंही झाकण उचललं होतं, टोपलीवरचं फडकं बाजूला करून भाकरी मोजल्या होत्या आणि माझ्या बायकोला, सुनंदाला, विचारलं होतं, "घरात माणसं किती?"

"चार," सुनंदा म्हणाली.

"जेवायची राहिलेली किती?"

नाना, म्हणजे माझे वडील, म्हणाले की ते जेवले. मी म्हणालो, मीही जेवलो, आणि हातातला गाठिया उगाच पाठीमागे नेला. सुनंदा म्हणाली, तिचं व्हायचंय. मग सगळ्यांनी मायकडे पाहिलं. माय माझी आई. आमच्याकडे खानदेशात आईला मायच म्हणतात, आणि सुरतेत येऊन तीस वर्षं झाली तरी आमची माय घरात अहिराणीच बोलायची. ती भांडी घासता घासता मान वर न करता म्हणाली, "जेवनू ना मी." म्हणजे, जेवले ना.

निकमबाईंनी तिच्याकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं, आणि पाणी मागितलं. त्या पाहण्याचा अर्थ मला कळायला पुढं वर्ष लागलं. माझी अक्कल मुळात मालगाडीनं येते.

हे प्लेगनंतरचं दुसरं वर्ष. त्या आजारानं सुरतेला एकदम शहाणं करून सोडलं होतं. रस्ते रोज झाडले जात होते, गटारीत पावडर पडत होती, आणि ज्याला त्याला दुसऱ्याच्या आरोग्याची काळजी लागली होती. अशातच एका संस्थेनं आमच्या डिंडोलीत एक लोकशिक्षण केंद्र काढलं. पाटीवर नाव होतं ‘कौटुंबिक जीवन, पोषण व निरोगी वार्धक्य’. पाटी दारापेक्षा रुंद होती. दार होतं सोसायटीच्या वॉचमनच्या खोलीचं. वॉचमन कधी ठेवला गेलाच नव्हता, त्यामुळं खोली रिकामी होती. आणि या तिन्ही विषयांचा सगळा कर्मचारीवर्ग म्हणजे एकट्या निकमबाई.

पारोळ्याकडच्या. पन्नाशी ओलांडलेल्या, अंगानं चांगल्या भरलेल्या, लवकर वैधव्य आलेलं, तिकडं वीस वर्षं बालवाडी चालवलेली. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत मोजपट्टी, एक स्टीलची वाटी आणि स्वतःचा डबा. म्हाताऱ्यांशी अहिराणीत बोलत, माझ्यासारख्या कारकुनाशी पुस्तकी मराठीत, साहेबांशी गुजरातीत आणि रिक्षावाल्याशी हिंदीत. ज्याला झापायचं त्याला त्याच्याच भाषेत झापावं, म्हणजे समजलं नाही असं म्हणायची सोय राहत नाही, असं त्या म्हणत.

संस्थेनं त्यांना आहाराचा एक मोठा रंगीत तक्ता दिला होता. त्यावर सफरचंदं, द्राक्षं, चीजचा तुकडा आणि ताटात डोळे उघडे ठेवून पडलेला एक मासा. आमच्या सोसायटीत सफरचंद फक्त दवाखान्यात भरती झालेल्या माणसाला मिळे, त्यामुळं तो तक्ता पाहून दोन-तीन म्हाताऱ्यांनी घाबरून विचारलं की कोण आजारी आहे. निकमबाईंनी त्याच दुपारी कागद, खळ आणि रंगपेटी मागवली. सफरचंदांवर दादर ज्वारीची भाकरी चिकटवली, द्राक्षांवर शेंगदाणे, चीजवर उडदाच्या डाळीची वाटी. माशावर वांगं चिकटवलं. त्यांच्या चित्रकलेतलं वांगं कासवासारखं दिसे आणि त्याखालून माशाची शेपटी बाहेर राहिली होती. पण त्या दिवसापासून म्हाताऱ्या तक्त्यासमोर बसून "आमच्या घरी आज हे झालं" असं बोटानं दाखवू लागल्या.

त्यांची एक सवय आमच्या लोकांना फार खुपे. साडेबाराला त्या जेवत. म्हणजे कुठंही असल्या तरी जेवत. वर्ग चालू असो, कोणाच्या घरी बसलेल्या असोत, एकदा तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवरून हाणामारीची वेळ आली असताना त्यांनी डबा उघडला. आणि आजूबाजूच्यांना ‘या जेवायला’ म्हणायच्या नाहीत. आमच्यात समोरच्याला न विचारता घास तोंडात घालणं म्हणजे जवळजवळ वैरच. नानांनी तर त्यांना तोंडावर सुनावलं की बाई, माणुसकी म्हणून तरी विचारावं. निकमबाईंनी तोंडातला घास सावकाश संपवला. मग म्हणाल्या, "विचारत बसले की माझं राहतं. मी उपाशी राहून तुम्हाला आहार शिकवला, तर तुम्ही माझं काय म्हणून ऐकाल?"

मी त्यांच्या केंद्राचा सेक्रेटरी कसा झालो, याला माझं कर्तृत्व काही नव्हतं. मी पांडेसऱ्यात एका डाइंग मिलच्या फोल्डिंग खात्यात होतो. दिवसभर कापडाचे ताके मोजायचे आणि त्यावर मीटर लिहायचे, एवढंच काम. त्यामुळं माझं अक्षर बरं होतं. त्यांना वजनाचं रजिस्टर लिहायला कोणीतरी हवं होतं. पण मला ‘सेक्रेटरी’ म्हटल्याबरोबर मी एक खिशाचा पेन विकत घेतला आणि दर सुटीच्या दिवशी भाषण करू लागलो. पोट सुटलेला माणूस सकस आहारावर बोलतो तेव्हा लोक अगदी मन लावून ऐकतात, ते त्याच्या पोटाकडे पाहत असतात म्हणून, हे मला सुनंदानं नंतर सांगितलं.

म्हाताऱ्यांच्या व्यायामाची गंमत तर सांगायलाच हवी. वरून कागद आला की वृद्धांनी रोज अर्धा तास चालावं. म्हाताऱ्या म्हणाल्या, कुठं? निकमबाई म्हणाल्या, कुठं नाही, नुसतं चालायचं. हे कोणाच्या डोक्यात शिरेना. काम नसताना बाईमाणसानं रस्त्यानं नुसतं चालत जायचं आणि परत यायचं, म्हणजे लोक काय समजतील? झाल्टे आजी म्हणून एक होत्या, रेल्वेत खलाशी असलेल्या माणसाच्या विधवा, बौद्धवस्तीतल्या, जिभेच्या तिखट. त्या म्हणाल्या, "आम्ही काय गस्त घालायला लागलो का?"

निकमबाईंनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगितलं की रेल्वे फाटकापलीकडच्या वस्तीत रखमाबाई नावाची एक म्हातारी आहे, गुडघ्यानं हैराण आहे, तिला केंद्राचा निरोप द्यायचाय, घर नीट माहीत नाही, तेवढी शोधा. अशी कोणी बाई नव्हती. हे त्यांनी फक्त मला सांगितलं, रजिस्टरमध्ये ‘चालणे : ३० मिनिटे’ असं लिहायला सांगताना. पण त्या दिवसापासून आठ-दहा म्हाताऱ्या रोज सकाळी फाटकापलीकडे जाऊ लागल्या. दारोदार चौकशी, वाटेत चहा, ओळखी, पुन्हा दुसऱ्या दिवशी दुसरी गल्ली. कोणाच्या कंबरा मोकळ्या झाल्या, कोणाला झोप लागू लागली. आणि तीन आठवड्यांनी झाल्टे आजी एका बाईला हाताला धरून केंद्रात घेऊन आल्या. म्हणाल्या, ही घ्या तुमची रखमाबाई. तिचं नाव खरोखरच रखमाबाई होतं आणि गुडघा खरोखरच दुखत होता. निकमबाईंनी तिला बसवलं, पाणी दिलं आणि आपण तिचीच वाट पाहत होतो असा चेहरा ठेवला. मला हळूच म्हणाल्या, "आता दुसरी कोणीतरी शोधायला लावली पाहिजे."

पुरुषांचा वर्ग सुटीच्या दिवशी सकाळी असे. विषय ‘कौटुंबिक जीवन’. आम्ही जात होतो ते चहासाठी. पहिल्याच दिवशी बाईंनी घरचा अभ्यास दिला की आठवडाभर आपली बायको आणि आपली आई काय जेवते ते पाहून या. पुढच्या वर्गाला एकेकाला उभं केलं. पहिला म्हणाला, जेवली असेल. दुसरा म्हणाला, भाजी-भाकरीच असेल. तिसरा लूमवर बारा तास उभा राहणारा माणूस, तो म्हणाला, आपण नसतो घरी, पण खात असेलच ना, जिवंत आहे. मी सेक्रेटरी असल्यामुळं जरा सविस्तर बोललो. म्हणालो, आमच्याकडे आहाराबाबत जागरूकता असल्यामुळं व्यवस्थितच जेवली असेल.

निकमबाईंनी फळ्यावर ‘असेल’ लिहिलं आणि त्यावर काट मारली. म्हणाल्या, या वर्गात हे चालणार नाही. पाहिलंत तर सांगा, नाही पाहिलंत तर गप्प बसा. चहा येईपर्यंत सगळे पंख्याकडे पाहत बसले.

केंद्र सुरू झालं तेव्हाच सगळ्या म्हाताऱ्यांची वजनं घेतली होती. साध्या घरच्या लुगड्यावर, अनवाणी. रजिस्टरात माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, मायचं वजन त्रेचाळीस किलो. वर्षानं पुन्हा वजनं घ्यायची आणि फरक काढायचा असं ठरलेलं. ते वर्ष भरलं तेव्हा संस्थेच्या साहेबांना कल्पना सुचली की वजनं घ्यायचा कार्यक्रम जाहीर करावा, मांडव घालावा, त्यांच्या वरच्या मॅडमना पाहुण्या म्हणून बोलवावं आणि फोटो काढावेत.

आता पुढं जे झालं त्याचं सगळं श्रेय माझं आहे. मॅडम येणार म्हटल्यावर मी सुचवलं की एवढी मोठी बाई दारात येते आहे, तर तिच्या हातून सुवासिनींची ओटी भरावी. साहेबांना ते फार आवडलं. निकमबाई म्हणाल्या, भरा, पण आधी वजनं घ्या. मी त्यांना समजावलं की मॅडमना लवकर जायचंय, फोटोग्राफरही तासाभराचाच आहे, आधी ओटी, मग वजन. शिवाय फोटो म्हटल्यावर म्हाताऱ्या काय साध्या येणार होत्या? पेट्यांच्या तळातून चांदी निघाली. पायात तोडे, दंडावर वाक्या, कमरेला पट्टे, अंगावर लग्नातली जड लुगडी. सकाळी सोसायटीतून त्या निघाल्या तेव्हा बैलपोळ्याला निघावं तसा आवाज येत होता.

मॅडमनी ओट्या भरल्या. गहू, नारळ, खण, केळी, हळकुंड, मोठ्या मनानं ओंजळी भरभरून. त्याच वेळी प्रत्येकीला संस्थेतर्फे एक शालही पांघरली. आणि भरलेली ओटी घरी देवापुढं ठेवल्याशिवाय खाली कशी ठेवणार? म्हाताऱ्यांनी ती पदरात घट्ट बांधून कमरेला खोचली आणि तशाच एकेक काट्यावर चढल्या. मी माइकवरून आकडे वाचत होतो. प्रत्येक आकडा वाढलेला. टाळ्या वाजत होत्या. विधवांची ओटी भरली नव्हती आणि त्या बापड्या मागं बसल्या होत्या, त्यांचे आकडे शेवटी उरकले. त्यांतल्या झाल्टे आजींना मॅडमनी न ओळखून ओटी द्यायला हात पुढं केला होता, तर त्यांनी हात जोडून सांगितलं की आम्ही घेत नाही, वजन करायचं तर करा.

मायचं वजन भरलं चव्वेचाळीस. मी माइकवर थांबलो, खोकलो आणि म्हणालो की ही माझी आई. सुधारणा घरापासून करावी लागते वगैरे बरंच बोललो. माय काट्यावर उभी होती. फोटोग्राफरनं तिला नमस्कार करायला सांगितलं. तिनं हात जोडले, तशी दंडातली वाकी घसरून कोपरावर आली. फोटो निघाला.

टाळ्या वाजवत नव्हत्या त्या एकट्या निकमबाई. त्या मायच्या हाताकडे पाहत होत्या.

दुपारी मी सत्काराचा हार खुंटीला अडकवून पडलो होतो, तेवढ्यात त्या रिक्षातून काटा घेऊन घरी आल्या. मायला म्हणाल्या, ओटी ठेव देवापुढं. शाल काढ. मग एकेक दागिना स्वतःच्या हातानं उतरवला. ती वाकी मायच्या लग्नातली. दर दिवाळीला धुवायला काढताना साबण लावावा लागे आणि माय ओरडे. त्या दिवशी ती एखाद्या पोरीच्या हातातून बांगडी निघावी तशी निघाली. मग बाईंनी तिला घरचं लुगडं नेसवून काट्यावर उभं केलं.

चाळीस.

काटा चुकला असेल असं मी म्हणणार होतो. निकमबाईंनी तो उचलून जागा बदलून पुन्हा ठेवला. पुन्हा चाळीस. वर्षभर मी आहारावर भाषणं करत होतो आणि घरात माझी आई तीन किलोनं कमी झाली होती, आणि मी ते चांदीत आणि नारळात भरून काढून माइकवर वाचून दाखवलं होतं.

बाई माझ्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही. "सेक्रेटरी, माय काल काय जेवली?"

मी म्हणालो, "जेवली अ..." आणि पुढचं तोंडातच राहिलं.

मग चौकशी झाली. आमच्या घरी चार पंगती. मी पहिल्या पाळीला जाणारा, सकाळी सहाला जेवून निघे. नाना अकराला. सुनंदा घरी साड्यांना टिकल्या लावायचं काम करी, ते काम दुपारी तीनला संपलं की ती जेवे. मी परत आलो की माझी पुन्हा पंगत. माय चारही पंगतींना वाढायची. नानांना वाटे ती सुनेबरोबर जेवते. सुनंदाला वाटे ती नानांच्या मागोमाग जेवते. मला काही वाटतच नसे. चार पंगतींच्या मधून ती वर्षभर निसटत राहिली होती. टोपलीतली शेवटची चतकोर भाकरी, तीही कधी शेजारच्या म्हशीला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आजार काही नाही, खायला घाला. एवढं सोपं औषध ऐकून आम्ही तिघंही खाली पाहू लागलो.

माय मात्र ऐकेना. पुढ्यात ताट ठेवलं तर म्हणे, तुमचं होऊ द्या, मग बसते. नाना रागावले, सुनंदा रडली, मी भाषण केलं. ताट झाकून राही. पुरुषमाणूस जेवायचा असताना आपण आधी खायचं म्हणजे तिला कोणाचं तरी चोरून खाल्ल्यासारखं वाटे.

निकमबाईंनी वेगळाच मार्ग काढला. दुसऱ्या दिवसापासून त्या साडेबाराला आमच्याच घरी जेवायला येऊ लागल्या. ताट मागून घेत आणि मायला म्हणत की मी पाहुणी, मला एकटीला जेवायला घालतेस का? आता पाहुण्याला एकटं जेवू देणं हे तर मायच्या दृष्टीनं उपाशी ठेवण्याहून वाईट. ती अवघडून समोर बसे आणि दोन घास खाई. बाई मुद्दाम सावकाश जेवत, म्हणजे तिलाही उठता येत नसे. इतरांना घास न विचारणारी बाई रोज आमच्याकडे हक्कानं जेवते हे पाहून सोसायटीत चर्चा झाली की केंद्राला आता डबा परवडत नाही वाटतं. बाईंनी ती चर्चा होऊ दिली. दोन महिन्यांत माय चाळीसवरून साडेएक्केचाळीसवर आली. पण ज्या दिवशी बाई येत नसत त्या दिवशी पुन्हा तेच, जेवनू ना मी.

तिकडं त्यांनी आणखी एक उद्योग केला. सगळ्या म्हाताऱ्यांची घरोघर जाऊन पुन्हा वजनं घेतली, साध्या लुगड्यावर, आणि खरे आकडे संस्थेला कळवले. मीही त्यांच्याबरोबर कचेरीत गेलो होतो, प्रायश्चित्त म्हणून. साहेबांच्या टेबलावर अहवाल छापून आला होता. मुखपृष्ठावर माय, नमस्कार करताना, कोपरावर आलेली वाकी, कमरेला टम्म फुगलेली ओटी, आणि खाली ‘यशोगाथा’. आत लिहिलं होतं की कार्यक्रमामुळं लाभार्थी महिलांच्या वजनात लक्षणीय वाढ झाली आहे. विधवा लाभार्थींवर मात्र अपेक्षित परिणाम दिसत नाही, तरी त्यांच्या मानसिकतेचा स्वतंत्र अभ्यास व्हावा.

निकमबाईंनी ते दोनदा वाचलं. स्वतः विधवा असलेली ती बाई इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. साहेबांना म्हणाल्या की अभ्यास कशाला, पुढच्या वेळी आमच्याही पदरात एकेक नारळ टाका.

साहेब वाईट माणूस नव्हते. ते खरोखर अडचणीत होते. नवे आकडे त्यांनी पाहिले, अहवालाकडे पाहिलं आणि अगदी कळवळून म्हणाले, "बेन, चोपडी छपाई गई छे. हवे वजन केवी रीते घटे?"

छापून झालं म्हणजे आता वजन घटायचं कसं, हा प्रश्न त्यांना मनापासून पडला होता. बाईंनी रजिस्टर टेबलावरच ठेवलं आणि म्हणाल्या, घटलंय. महिन्याभरानं पत्र आलं की डिंडोली केंद्राचं उद्दिष्ट पूर्ण झाल्यामुळं ते बंद करण्यात येत आहे आणि सौजन्य म्हणून श्रीमती निकम यांचे आभार. इतक्या झटपट उद्दिष्ट पूर्ण झालेलं दुसरं काम मी पाहिलं नाही. दारापेक्षा रुंद असलेली पाटी उतरवायला चार माणसं लागली. तक्ता मात्र बाईंनी गुंडाळून झाल्टे आजींना दिला, वांग्याखालच्या शेपटीसकट.

त्या पारोळ्याला भाचीकडे निघाल्या. भुसावळकडची गाडी, उधन्याहून. आम्ही सगळे स्टेशनवर गेलो, नाना, माय, मी, झाल्टे आजी आणि फाटकापलीकडून रखमाबाईसुद्धा. सुनंदाला कामामुळं येता आलं नाही. मायनं एक गाठोडं बरोबर आणलं होतं, छातीशी धरलेलं. ते बाईंच्या प्रवासासाठी असणार असं मी धरून चाललो होतो. माझ्या मनात मात्र एकच होतं. उद्यापासून साडेबाराला आमच्याकडे कोणी पाहुणं नसणार.

गाडीला उशीर होता. फलाटावरच्या घड्याळात साडेबारा झाले, तशा निकमबाई आपल्या पत्र्याच्या ट्रंकेवर बसल्या आणि त्यांनी डबा उघडला. आम्ही त्यांना निरोप द्यायला आलेली माणसं भोवती उभी, आणि बाईंनी कोणालाही न विचारता पहिला घास घेतला. नानांनी सवयीनं मान दुसरीकडे वळवली. मायलासुद्धा त्यांनी ये म्हटलं नाही. तिच्याकडे पाहिलंही नाही. मला त्या क्षणी त्यांचा राग आला. निदान आज तरी तिला हाक मारायची.

माय थोडा वेळ तशीच उभी होती. मग तिनं फलाटावर बसकण मारली, ट्रंकेला टेकून, आणि मांडीवर गाठोडं सोडलं. आत दीड भाकरी होती, वांग्याचं भरीत, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि एक कांदा. तिनं कांदा मुठीनं फोडला. एकदा नानांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. आणि खाली मान घालून जेवू लागली. नवरा उभा, मुलगा उभा, दोघंही न जेवलेले, आणि येणारी-जाणारी माणसं बघत असताना माय जेवत होती. नानांनी दोनदा घसा खाकरला. झाल्टे आजींनी त्यांच्या पायाशी पिशवी आपटली, तेव्हा ते गप्प झाले. दोघी बायका सावकाश जेवल्या.

गाडी आली ती एकदम घाईतच. ट्रंक चढवली, बाईंना चढवलं, खिडकीची जागा मिळाली. गाडी हलली तेव्हा त्यांनी गजातून मला हाक मारली.

"सेक्रेटरी, माय जेवली?"

"जेवली," मी म्हणालो.

"काय?"

मी डब्याबरोबर चालू लागलो. "दीड भाकरी. भरीत. ठेचा." गाडीनं वेग घेतला तसा मी पळू लागलो, सुटलेलं पोट सांभाळत. "अर्धा कांदा," मी ओरडलो. "अर्धा ठेवला."

त्यांनी गजातून हात बाहेर काढला आणि बालवाडीतल्या पोराला दाखवतात तसा, बरोबर आहे म्हणून, हवेत एक मोठा टिकमार्क केला. मग डबा पुढं गेला आणि मी फलाटाच्या टोकाला धापा टाकत उभा राहिलो. चहावाला माझ्याकडे पाहत होता.

परत आलो तेव्हा माय फडकं झटकत होती. नाना तिच्यासमोर वाकून फडक्याकडे पाहत होते. त्यांनी विचारलं की आमचं काय?

मायनं फडक्याची घडी घातली, कमरेला खोचली, जिथं त्या दिवशी ओटी होती तिथं, आणि उठता उठता म्हणाली,

"असेल घरी काहीतरी."